चार पिक्सेल

मुहर्रकच्या बाजारामागे, खुबूसच्या भट्टीला लागून
आमचं दुकान. फ्लेक्स, शिक्के, लग्नपत्रिका.
मालक मलबारी, यंत्र चिनी, हात माझे.
निवडणूक लागली की रात्री दोनपर्यंत जाग,
घामालाही शाईचा वास.

बद्रियाबाईंचा पेनड्राइव्ह त्यांच्या दिरानं आणला.
टेबलावर टाकत म्हणाला, जरा बघून कर, बाईमाणूस आहे.

पहिल्या प्रूफात बाई हसत होत्या,
एक दात किंचित पुढे,
मुख्याध्यापिका हसतात तशा, आधी डोळ्यांनी.
दीर म्हणाला, हसू कमी कर,
मतं मागतोय, लग्नाला नाही बोलावत.
मी ओठांचे कोपरे खाली ओढले. चार पिक्सेल.

दुसऱ्या दिवशी कुणी काका आले:
ही तर भांडायला उठलीय!
मी दोन पिक्सेल परत दिले.
मग चेहरा लहान, घराण्याचं नाव मोठं.
मग कुणीतरी म्हणालं, चेहरा हवाच कशाला, गुलाब टाक.
मी शोधूनही ठेवला, चांगला, दव पडलेला.
मला काय. पैसे मीटरवर.

त्याच आठवड्यात समोरच्या उमेदवाराचा फ्लेक्स गेला,
ढेरीसकट, एक डोळा अर्धा मिटलेला,
एकाच प्रूफात.
तो हसतोय की नाही, कुणी पाहिलंसुद्धा नाही.

गुरुवारी, इशाच्या नमाजानंतर, बाई स्वतः आल्या.
अबायाच्या काठाला वाळलेला चिखल.
स्क्रीनवर स्वतःचे सात चेहरे ओळीनं पाहिले
आणि विचारलं, यात गटार कुठंय?
मला कळेना.
"गल्लीतलं तुंबलेलं गटार. फोटो दिला होता.
मी त्याच्यासाठी उभी आहे."
तो दिरानं आणलाच नव्हता.

मोडक्या हिंदीत मग सहज विचारलं,
तुमच्याकडे बायका निवडून येतात?
येतात की, म्हणालो, माझीच बायको सरपंच आहे.
छाती जरा फुगलीच.
"वा! दाखव."

मोबाइलमध्ये एकच फोटो होता,
मीच इथं बसून केलेला, गणपतीच्या शुभेच्छांचा:
मधोमध मी, गॉगल लावून, हात जोडून,
खाली सोनेरी अक्षरांत "सरपंच पती",
आणि कोपऱ्यात दर्शना,
पोस्टाच्या तिकिटाएवढी.

बाईंनी दोन बोटांनी चित्र ताणलं,
मला बाजूला सारत कोपऱ्यापर्यंत गेल्या,
ताणत राहिल्या.
चेहरा फुटला, नुसते चौकोन उरले.
"रिझोल्यूशन नाही," मी पुटपुटलो.
"दिसतंय," त्या म्हणाल्या.

पहिलंच प्रूफ छापलं. दातासकट.
शेजारी गटार, तेवढंच मोठं.

(निकाल विचारू नका. मला मत नाही इथं,
आणि गावातलं माझं मतही
गेली अकरा वर्षं यादीत नुसतं बसून आहे.
तो फ्लेक्स पुढं एका कोळ्यानं होडीवर ताडपत्री म्हणून घातला,
बाई आभाळाकडे तोंड करून हसत होत्या.)

त्या रात्री दुकान बंद करून
मी माझी जुनी फाइल उघडली.
माझ्या थराशेजारचा छोटा डोळा दाबला.
मी गेलो.
मधोमध एवढं मोठं पांढरं भोक
की दर्शना ओढून तिथं आणली तरी
भरेना.

पूर्वी ग्रामसभेच्या आदल्या दिवशी तिचा फोन यायचा,
काय बोलू ते सांगा.
मी सांगायचो. पाण्याच्या टाकीचं, रस्त्याचं, कुणाला काय झोंबेल ते.
ती लिहून घ्यायची.
तो फोन यायचा थांबून
आता चार सभा झाल्या असतील.
आज मोजलं म्हणून कळलं.

मी मेसेज टाकला: तुझा एक नवा फोटो पाठव. मोठा.
बऱ्याच वेळानं दोन निळ्या खुणा,
आणि खाली:
"मीटिंगमध्ये आहे. कशाला हवाय?"